रिपोर्ट कोरा, जखम ओली

गोडदेव नाक्यामागच्या गल्लीत आमच्या शेजारी एक काका राहतात. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत त्यांनी तीसेक वर्षं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारलं, तेही दिवसभर उभ्याने. साखरेचा त्रास चौदा-पंधरा वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात चपलेच्या तळातून वर आलेला खिळा उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दिवसभर टोचत राहिला, पण त्यांना काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी काकूंना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा कळलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, जखम तशीच. रुपयाच्या नाण्याएवढी. कडा पांढुरक्या, जाड. तळाशी पिवळसर ओली चकाकी. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. गोळ्या सुरू असताना पाणी कमी यायचं, संपल्या की आठवड्याभरात पुन्हा पट्टी भिजायची. शेवटी जखमेवर कापसाची काडी फिरवून नमुना लॅबमध्ये पाठवला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, ‘नो ग्रोथ’. काही वाढलं नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, म्हणून काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

“जंतूच नाहीत म्हणतायत. मग ही भरत का नाही गं?”

रिपोर्ट खोटा नव्हता. लॅबने जे करायचं ते नीट केलं होतं. पण त्या तपासणीला जो प्रश्न विचारता येतो तो वेगळा आणि काकांच्या पायात जे चाललं होतं ते वेगळं. हा फरक साखरेच्या प्रत्येक रुग्णाच्या घरात माहीत असायला हवा. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

मोरीतली बुळबुळ

मोरीच्या कोपऱ्यात, नळाखाली जिथे सतत ओल असते तिथे हात लावून पाहा. बोट घसरतं. त्यावर बादलीभर पाणी ओता, थर जागचा हलत नाही. फिनेल टाका, वास जातो, पण दोन दिवसांनी बुळबुळ परत. काथ्याने खसाखसा घासलं तरच ती निघते. गच्चीवरच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर हाच प्रकार, आणि सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की लागतो तो थरही याच कुळातला.

हा नुसता मळ नाही, ती जीवाणूंची वस्ती आहे. शास्त्रात तिला ‘बायोफिल्म’ म्हणतात. जीवाणू दोन तऱ्हांनी जगतात : एकेकटे, पाण्यात मोकळे पोहत, किंवा एखाद्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःभोवती चिकट लगदा तयार करून, घोळक्याने. शाळेच्या पुस्तकात आपण पाहतो ते चित्र पहिल्या तऱ्हेचं. निसर्गात मात्र दुसरी तऱ्हाच जास्त आढळते.

हा लगदा कसा असतो? फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडं असताना बी खसखशीएवढं काळं. पाण्यात टाकलं की त्याच्याभोवती पारदर्शक, गुळगुळीत कवच फुगतं. शेकडो बिया एकत्र भिजल्या की त्यांचा एकच गोळा होतो, त्यातलं एक बी वेगळं काढणं कठीण. जीवाणूंचं कवच लांब साखळ्यांच्या शर्करा, प्रथिनं आणि मेलेल्या पेशींमधून बाहेर सांडलेला डीएनए यांचं बनलेलं असतं. त्यात पाण्याला वाटा असतात, त्यांतून अन्न आत येतं आणि घाण बाहेर जाते.

ही गोष्ट माणसाने फार पूर्वी पाहिली होती. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांखाली दातांवरचं किटण ठेवलं आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. त्याने किटणावर व्हिनेगरही टाकून पाहिलं. सुटे झालेले जीव मेले, पण किटणाच्या आत व्हिनेगर पोहोचत नाही, बाहेरचे तेवढे मरतात, असं त्याच्या लक्षात आलं. आज आपण ज्या अडचणीशी झगडतो आहोत ती त्याने सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली, याचं मला अजून नवल वाटतं. त्यानंतर हा धागा मागे पडला. १९७८ साली बिल कॉस्टर्टन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जीवाणू चिकटतात कसे यावर एक गाजलेला लेख लिहिला, आणि मग या विषयाला खरी गती आली.

जखमेतली वसाहत

कातडी फाटली की आतला ओला, प्रथिनांनी माखलेला पृष्ठभाग उघडा पडतो. जीवाणूंना चिकटायला तो अगदी सोयीचा. सुरुवातीला काही जीवाणू सैलसर टेकतात. या टप्प्याला धुण्याने निघून जातात. नंतर ते घट्ट धरतात आणि वाढू लागतात.

पुढे एक विलक्षण गोष्ट घडते. प्रत्येक जीवाणू आपल्याभोवती एक रासायनिक खूण सोडत असतो. एकटादुकटा असताना ती विरून जाते. गर्दी वाढली की खूण दाट होते, आणि एका मर्यादेनंतर सगळे मिळून वेगळं वागू लागतात : लगदा जोरात तयार करतात, विषारी द्रव्यं सोडतात. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत कोरम भरल्याशिवाय ठराव मांडता येत नाही ना, तसंच. जीवाणूंच्या या पद्धतीच्या इंग्रजी नावातही ‘कोरम’ हाच शब्द आहे.

वस्ती पक्की झाली की आत राहणाऱ्यांचं आयुष्य बदलतं. तळाच्या थरात प्राणवायू कमी, अन्न कमी. तिथले जीवाणू जवळजवळ झोपी जातात, वाढ थांबवतात. इथेच अँटिबायोटिकची गाडी अडते. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जीवाणू आपली भिंत बांधत असताना त्या बांधकामात खोडा घालतात. बांधकामच बंद असेल तर खोडा कशात घालणार? वरचे, वाढते जीवाणू मरतात, जखम थोडी सुकते, आपल्याला बरं वाटतं. औषध थांबलं की तळातले जागे होऊन वस्ती पुन्हा भरतात. काकांच्या दोन कोर्सांचं हेच झालं असणार.

शरीर स्वस्थ बसत नाही. पांढऱ्या पेशी धावून येतात, पण लगद्यात अडकलेला जीवाणू त्यांना गिळता येत नाही. मग त्या आपली पाचक द्रव्यं तिथेच ओततात. ती वस्तीला फारसं काही करत नाहीत. कोवळं नवं मांस मात्र विरघळवतात. त्यातून जो पाझर होतो तो जीवाणूंचं अन्न बनतो. शत्रूला मारायला सोडलेलं पाणी आपल्याच शेतात शिरावं, अशी गत. महिना-दीड महिना जखम पुढेही नाही, मागेही नाही, अशी अडकून राहते त्याचं एक मोठं कारण हे.

एकच कारण मात्र नव्हे. महाराष्ट्राला न भरणाऱ्या जखमा जुन्या ओळखीच्या आहेत. वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून कुष्ठरुग्णांवर उपचार करतं आहे, आणि कुष्ठरोगातली पायाची जखम किती वर्षं चालते हे आनंदवनासारख्या ठिकाणी काम केलेल्या कुणालाही सांगता येईल. पूर्वी समज होता की कुष्ठरुग्णाचं मांसच नासकं, ते भरत नाही. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांसात दोष नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढला की ती भरते. मधुमेहात बधिर झालेल्या पायाची गोष्ट तीच. म्हणून दाब, रक्तपुरवठा, साखर आणि जीवाणूंची वस्ती, चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिल्या तिन्ही मोजता येतात. चौथी शोधायची कशी, हा खरा पेच आहे.

दुपारी बारा वाजताची शिरगणती

समजा, गोडदेवची लोकसंख्या मोजायला कुणी कामाच्या दिवशी भर दुपारी आला आणि फक्त नाक्यावर उभा राहून दिसेल त्याची नोंद करून गेला. त्याच्या वहीत कोण येईल? भाजीवाले, रिक्षावाले, शाळेतून परतणारी मुलं. लोकल पकडून अंधेरी-चर्चगेटला गेलेले हजारो लोक आणि दार लावून घरात बसलेली माणसं त्यात नसतील.

कापसाच्या काडीची तपासणी अशीच असते. ती जखमेच्या वरवरचे, सुटे जीवाणू उचलते. मग तो नमुना लॅबमधल्या खाद्यावर पसरतात आणि ऊबदार पेटीत ठेवतात. जे वाढतात त्यांचं नाव रिपोर्टवर येतं. लगद्यात घट्ट बसलेले काडीला चिकटतच नाहीत. चिकटले तरी झोपलेले, म्हणून दोन दिवसांत वाढत नाहीत. प्राणवायू सहन न होणारे वेगळ्या सोयीशिवाय जगत नाहीत. अँटिबायोटिक चालू असताना नमुना घेतला असेल तर उरलेसुरलेही दबलेले. शिवाय वस्ती जखमभर सारखी पसरलेली नसते, ठिगळाठिगळाने असते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००९ साली पायाच्या जुनाट जखमांचे तुकडे पाहिले, तेव्हा हिरवट पू करणारा स्यूडोमोनास हा जीवाणू नेहमी आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जीवाणूपेक्षा मांसात खोलवर बसलेला आढळला. काडी नेमकी तिथे पोहोचत नाही.

काडीला निकामी म्हणायचं नाही. ताप आहे, लाली पसरते आहे, अशा वेळी कोणतं अँटिबायोटिक चालेल हे ठरवायला ती लागतेच. आधी जखम खारट पाण्याने धुऊन, मेलेला थर काढून, मग ताज्या मांसावर काडी दाबून नमुना घेतला तर तिचा उपयोग वाढतो. पण जीवाणूंचं नाव कळणं वेगळं आणि ते घोळक्याने, कवचात राहतात का हे कळणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाला काडीकडे उत्तर नाही.

डोळ्यांना दिसतं का?

जखमेवरचा पिवळा, चिकट थर म्हणजेच बायोफिल्म, असं अनेकांना वाटतं. तसं सरसकट म्हणता येत नाही. तो थर बहुतेकदा मेलेल्या पेशी आणि गोठलेल्या प्रथिनांचा असतो. त्यात वस्ती असू शकते, नसूही शकते. जीवाणू एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, आणि जखमेतले त्यांचे पुंजके बहुधा केसाच्या जाडीच्या आसपास. ते साध्या डोळ्यांना दिसणं अवघड. वरून लालबुंद, छान दिसणाऱ्या जखमेतही पुंजके सापडले आहेत.

खात्रीचा पुरावा सूक्ष्मदर्शक देतो. जखमेतून मांसाचा लहान तुकडा काढायचा आणि शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अमेरिकेत २००८ साली असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० जुनाट जखमांपैकी ६० टक्क्यांत वस्ती दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या १६ ताज्या जखमांत ते प्रमाण फक्त ६ टक्के, म्हणजे एकच जखम. या विषयात मला सगळ्यांत बोलका वाटतो तो हा आकडा. पण हे यंत्र भाईंदरच्या दवाखान्यात नसतं, आणि साखरेच्या रुग्णाच्या पायाचा तुकडा दर आठवड्याला काढत राहणं शहाणपणाचंही नाही.

आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एक स्वस्त पद्धत चालते. रुग्णाच्या जखमेतून वाढवलेला जीवाणू काचेच्या नळीत खाद्यासह ठेवायचा, एक-दोन दिवसांनी द्रव ओतून द्यायचा आणि नळीत जांभळा रंग फिरवायचा. जीवाणू थर करणारा असेल तर काचेला जांभळी कड उरते, कटिंग पिऊन झाल्यावर ग्लासात चहाची रेघ राहते तशी. सुंदर प्रयोग आहे. विद्यार्थिनी असताना ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ नळी उजेडात धरून उभी होते. मात्र त्यातून इतकंच कळतं की हा जीवाणू वस्ती करू शकतो. या पायात त्याने ती केली आहे का, हे नळी सांगत नाही.

टिपकागद आणि जांभळा दिवा

गेल्या काही वर्षांत दोन पद्धती थेट खाटेपाशी आल्या आहेत.

पहिली जपानची, तोक्यो विद्यापीठातल्या परिचर्या विभागाच्या संशोधकांनी पुढे आणलेली. शाई टिपायला आपण टिपकागद वापरायचो, तसा नायट्रोसेल्युलोजचा पातळ कागद धुतलेल्या जखमेवर काही सेकंद दाबतात आणि उचलतात. मग तो एका रंगाच्या द्रवात बुडवतात. जीवाणूंच्या लगद्यातल्या शर्करांवर ऋण विद्युतभार असतो आणि रंगाचे कण धन भाराचे. ते तिथेच चिकटतात, बाकीचा रंग धुऊन जातो. काही मिनिटांत कागदावर जखमेचा नकाशा उमटतो : रंगीत भाग तिथे लगदा, कोरा भाग तिथे नाही. जखम साफ करणाऱ्याला नेमकं कुठे खरवडायचं ते कळतं आणि साफ केल्यावर पुन्हा छापा घेऊन काम झालं की नाही हेही पडताळता येतं. मांस कापावं लागत नाही, दुखत नाही. आपल्याकडच्या गर्दीच्या ड्रेसिंग खोल्यांना शोभेल अशी ही पद्धत आहे, आणि ती इथे लवकर रुळावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी दिव्याची. दुकानदार खोटी नोट ओळखायला जांभळ्या दिव्याखाली धरतो, तेव्हा नोटेतले धागे चमकतात. काही जीवाणूही असेच चमकतात. अंधार करून जखमेवर जांभळा प्रकाश टाकला की बऱ्याच जातींमधली पोर्फिरीन नावाची द्रव्यं लाल उजळतात. स्यूडोमोनास निळसर हिरवा दिसतो. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने हे टिपता येतं. याचीही मर्यादा आहे : जीवाणू पुष्कळ असले तरच चमक दिसते, प्रकाश फार खोल जात नाही, आणि दिसतो तो जीवाणूंचा जमाव, तो कवचात आहे की मोकळा, हे दिवा सांगत नाही. किंमतही अजून सामान्य दवाखान्याच्या आवाक्यात नाही.

चौकट : संशय कधी घ्यावा?
यंत्र नसलं तरी अनुभवी डॉक्टर खुणांवरून अंदाज बांधतात. अँटिबायोटिक घेताना जखम सुधारते आणि थांबवलं की बिघडते. चिकट थर पुसून काढला तरी एक-दोन दिवसांत परत येतो. पाझर वाढतो, वास येतो. मांस फिकट किंवा सहज रक्त येणारं दिसतं. आणि मुख्य म्हणजे साखर, रक्तपुरवठा, पायावरचा दाब यांची नीट काळजी घेऊनही आकार कमी होत नाही. मधुमेही पायाची जखम चार आठवड्यांत साधारण निम्म्याने लहान झाली नाही, तर बारा आठवड्यांत ती भरण्याची शक्यता फार कमी राहते, असं अभ्यास सांगतात.

घासल्याशिवाय नाही

शोध लागला की पुढचं काम मोरीसारखंच, घासण्याचं. काकांना ज्या शल्यचिकित्सकांकडे नेलं त्यांनी आधी पायातल्या रक्तवाहिन्या तपासल्या. मग चमच्यासारख्या धारदार छोट्या हत्याराने जखमेचा तळ आणि कडा खरवडल्या. पिवळा थर साळीच्या तुसासारखा सुटत गेला आणि खाली लाल ठिपके उमटले. काका शांत बसून पाहत होते. पाय बधिर, त्यांना काही लागत नव्हतं. काकूंनी मात्र माझा हात घट्ट धरला होता.

“परवा पुन्हा या,” डॉक्टर म्हणाले. “हा थर परत येणार आहे.”

त्या ‘परवा’मागे शास्त्र आहे. खरवडल्यावर उरलेले जीवाणू विस्कटलेले, जागे आणि उघडे असतात. साधारण पहिल्या दिवसभरात औषध त्यांना सहज मारतं. दोन-तीन दिवसांत कवच पुन्हा पक्कं होतं. म्हणून औषधी पट्टी लगेच लावायची आणि थर जमायच्या आत पुन्हा साफसफाई करायची. एकदा खरवडून महिनाभर वाट पाहण्यात अर्थ नाही.

पट्टीखाली काय लावायचं यावर आपल्या मराठवाड्यातही चांगलं काम झालं आहे. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. बसवराज नागोबा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं तीन टक्के सायट्रिक, म्हणजे लिंबातल्या, आम्लाने न भरणाऱ्या जखमांवर उपचार करत आले आणि त्याबद्दल आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लिहीत आले. जुनाट जखमेचा ओलावा अल्कधर्मी असतो, आम्लाने ते वातावरण जीवाणूंना प्रतिकूल होतं, आणि औषध अगदी स्वस्त. पण म्हणून घरी जखमेवर लिंबू पिळायला जाऊ नका. तिथे आम्लाचं प्रमाण मोजून, निर्जंतुक करून, साफ केलेल्या जखमेवर डॉक्टरांच्या देखरेखीत वापरलं जातं. हळद दाबण्यानेही वरचा थर तेवढा बदलतो, आणि जंतुनाशक पाणी न मिसळता ओतलं तर कोवळ्या पेशी जळतात.

काकांना पायावरचा भार कमी करणारी वेगळी चप्पल मिळाली, इन्सुलिन सुरू झालं, आठवड्यातून दोनदा साफसफाई चालू राहिली. काकू दर रविवारी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून पेनाने कड गिरवतात आणि तारीख टाकतात. ती प्लास्टिकं त्यांनी देवघराच्या खणात ठेवली आहेत. परवाच्या रविवारची कड तुरीच्या दाण्याएवढी होती.

तुमच्या घरात साखरेचं माणूस असेल तर रोज रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलचा उजेड धरून त्याचे दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या खाचा कुणीतरी पाहा, चपलेत हात घालून खिळा-खडा चाचपा. आणि महिनाभर न भरलेल्या जखमेचा रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ आला, तर तो कागद फाइलला लावून थांबू नका, डॉक्टरांना विचारा, “जखम खरवडून साफ करायची का, आणि पुन्हा कधी यायचं?”